लॅटिनो प्रौढांवरच्या आरोग्य-अभ्यासाची पद्धत मराठवाड्यातल्या वस्तीत कशी लावावी?

प्रश्न — वस्ती_अभ्यास

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) शेवटच्या वर्षाचा प्रबंध आहे. विषय : संस्कृती, शेजारपाजार आणि प्रौढांचं आरोग्य. नमुना म्हणून मार्गदर्शकांनी अमेरिकेतल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) प्रौढांवरचे लेख दिलेत. त्यांत साधारण तीन गोष्टी मोजतात : माणूस अमेरिकन राहणीत किती मिसळला याचा स्कोअर, गल्लीतल्या एकोप्याचा स्कोअर, आणि बीपी, शुगर, कंबर. मग त्यांचा एकमेकांशी संबंध तपासतात.

माझा आराखडा असा. चार ठिकाणं : संभाजीनगरच्या जुन्या शहरातली एक हिंदूबहुल गल्ली, एक मुस्लिमबहुल मोहल्ला, वाळूजजवळची कामगार वस्ती आणि बीड जिल्ह्यातला एक तांडा. प्रत्येकी ५०, एकूण २०० माणसं, वय ३० च्या पुढे. काम डिसेंबरात, महिनाभर.

राहणीत मिसळण्याच्या स्कोअरच्या जागी आपल्याकडे काय धरायचं? एकोप्याचे प्रश्न मराठीत करून तसेच विचारले तर चालतील का? २०० माणसं पुरतील का? आणि आहाराची शंभर पदार्थांची यादी घेऊन बसलं की लोक दहाव्या पदार्थालाच कंटाळतात, तिथे काय करायचं?

उत्तर — सामुदायिक_वैद्यक

आधी त्या लेखांचं मूळ बघा, मग त्यातलं काय उचलायचं आणि काय तिथेच सोडायचं ते कळेल.

१९८६ साली मार्कायडिस आणि कोरिल या संशोधकांनी अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या हिस्पॅनिक (म्हणजे साधारण लॅटिनोच) लोकांची आकडेवारी मांडली. कमाई आणि शिक्षणात हे लोक गोऱ्यांच्या बरेच मागे, पण मृत्युदर गोऱ्यांच्या आसपास, काही बाबतींत तर कमीच. याची चार कारणं सांगतात. धडधाकट माणूसच देश सोडतो. आजारी पडलेला मायदेशी परततो, तिथेच मरतो आणि अमेरिकेच्या नोंदीत येत नाही. सिगारेटचं प्रमाण कमी. आणि घरादाराचा, शेजाराचा आधार. परतण्याचं कारण १९९९ मध्ये तपासून झालं : क्युबाच्या लोकांना तेव्हा सहज परतता येत नव्हतं, आणि पोर्तो रिकोत परतलेल्याचा मृत्यू अमेरिकेच्याच खात्यात पडतो. तरी दोन्ही गटांत मृत्युदर कमीच निघाला. सिगारेटचा वाटा मात्र नंतरच्या कामांत मोठा दिसला. म्हणजे संस्कृतीच्या खात्यावर जमा होणारं बरंचसं पुण्य कमी ओढलेल्या सिगारेटचं आहे.

तुमच्याकडे हेच उलटं पडेल. तंबाखू-चुना, गुटखा (राज्यात २०१२ पासून बंदी, तरी पुडी मिळते) आणि बायकांमधली मिश्री नीट पकडली नाही, तर तंबाखूचा परिणाम वस्तीच्या किंवा जातीच्या नावावर चढेल. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बाया सरळ नाही म्हणतात, आणि त्यांच्या हिशेबाने ते खरंही असतं. ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ असं विचारा. मिश्रीने तीन-चार वेळा घासणारी बाई ही तंबाखूचं व्यसन असलेली म्हणूनच नोंदवायची.

दुसरं, लॅटिनो म्हणजे एकसंध लोक नव्हेत. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथे २००८ ते २०११ या काळात १८ ते ७४ वयाच्या १६,४१५ जणांची तपासणी झाली. त्यात मधुमेहाचं प्रमाण दक्षिण अमेरिकी मुळाच्या लोकांत १०.२ टक्के, क्युबन १३.४, तर मेक्सिकन १८.३ टक्के. बहुतेकांची घरची भाषा स्पॅनिशच! म्हणून ‘मराठवाड्याची संस्कृती’ असा एकच रकाना करू नका.

मिसळण्याचा तिकडचा १२ प्रश्नांचा स्कोअर १९८७ चा आहे. घरात कोणती भाषा, टीव्ही-रेडिओ कोणत्या भाषेत, मित्र कोणत्या समाजातले, अशा धाटणीचा. तो इथे सोडूनच द्या. त्याच्या जागी गाव सुटण्याचे चार धागे वेगवेगळे नोंदवा आणि त्यांची बेरीज करू नका :

गाव कधी सुटलं आणि कसं : कायमचं, हंगामी, की रोज ये-जा. आठवड्यात किती वेळा भाकरी, किती वेळा पोळी, किती वेळा भात. कामात पायावर किती तास आणि खुर्चीवर किती. अडीअडचणीला धावून येणारं रक्ताचं माणूस किती मिनिटांवर राहतं.

बेरीज का नको? शहरात आलेल्या माणसाची ज्वारी सुटते आणि चालणं घटतं, हे वाईट. पण त्याला दवाखाना जवळ येतो आणि बीपीची गोळी वेळेवर मिळते, हे चांगलं. दोन्ही एका आकड्यात घातलं की एकमेकांना खाऊन टाकतात आणि निष्कर्ष येतो ‘संबंध आढळला नाही’.

उत्तर — आकडेमोड

२०० माणसं पुरतील की नाही याआधी चार ठिकाणांचा प्रश्न आहे. शेजाराचा परिणाम मोजायचा तर मोजायचं एकक शेजार, माणूस नव्हे. तुमच्याकडे शेजार चारच. त्यातही चौघं धर्म, धंदा, शहर-खेडं सगळ्यांतच वेगळे. तांड्यात बीपी कमी निघालं तर ते तांड्यामुळे, ऊसतोडीमुळे की वयामुळे, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही.

हिशेब करून बघा. एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात. ही सारखेपणाची मात्रा ०.०२ धरली आणि वस्तीत ५० माणसं घेतली, तर १ + (४९ × ०.०२) = १.९८. २०० ला या आकड्याने भागा, म्हणजे तुमची २०० माणसं जेमतेम १०० च्या तोलाची. तीच २०० माणसं २० गल्ल्यांतून दहा-दहा घेतली तर १ + (९ × ०.०२) = १.१८, म्हणजे जवळजवळ १७० च्या तोलाची. पायपीट वाढते, पण फॉर्म तेवढेच. प्रबंधाला एकच प्रकारची वस्ती धरा, समजा वाळूज परिसर, आणि तिथल्याच २० गल्ल्या घ्या. तांडा हवाच असेल तर तो आकडेवारीत न मिसळता मुलाखतींचा वेगळा भाग करा.

घर निवडताना गल्लीचा हातनकाशा काढा, दारं मोजा, १० ने भागा. ६० दारं असतील तर दर सहावं दार, सुरुवात चिठ्ठी टाकून. एका दारामागे दोन-तीन चुली असतात, तर त्या वेगळ्या मोजा. घरात ३० च्या पुढचे जे असतील त्यांतला ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला तो घ्या. जुन्या लोकांना जन्मतारीख माहीत नसते, आधारवर सरसकट १ जानेवारी किंवा १ जून असते. तिथे चिठ्ठीच टाका. दुपारी ११ ते ४ मध्ये फक्त बाया आणि म्हातारे भेटतात. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणून बंद दाराला किंवा न भेटलेल्या माणसाला वेगळ्या आठवड्यात आणि वेगळ्या वेळी परत जा. असे तीन फेरे झाल्याशिवाय शेजारचं दार घ्यायचं नाही. ‘कोण भेटलं ते घेतलं’ हा या कामातला सगळ्यात सामान्य घोटाळा.

उत्तर — गटप्रवर्तक_बीड

डिसेंबरात तांड्यावर जाऊन करणार काय? दसरा-दिवाळी झाली की कोयते (ऊसतोडीची जोडपी) निघतात, ते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. परततात पाडव्याच्या पुढेमागे, कारखाना लांबला तर आणखी उशिरा. डिसेंबरात तांड्यावर म्हातारी माणसं, शाळेची लेकरं, आणि ज्याच्याने कोयता उचलत नाही तो. मोजाल त्यांचंच बीपी आणि लिहाल ‘तांड्यात आजार जास्त’. वर सरांनी लिहिलंय तिकडे आजारी माणूस घरी परततो आणि हिशेबातून गळतो. इथे आजारी माणूस घरीच राहतो आणि हिशेबात दुप्पट दिसतो.

अक्षय्य तृतीया ते पेरणी हा काळ धरा, नाहीतर पोळ्याच्या आसपास. एक ध्यानात ठेवा, कडक उन्हात बीपी थोडं खालीच लागतं. म्हणून एक वस्ती मे महिन्यात आणि दुसरी डिसेंबरात असं करू नका, सगळ्या त्याच दोन-तीन आठवड्यांत उरका.

एकोप्याच्या प्रश्नांबद्दल. ‘शेजाऱ्यांवर विश्वास आहे का?’ म्हटलं की शंभरातले पंच्याण्णव हो म्हणतील. शेजारीण दारात उभी राहून ऐकत असते, नाही कोण म्हणेल? घडलेलं विचारा. ‘रात्री अकराला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पहिली हाक कुणाला? त्याच्याकडे गाडी आहे का? तो तुमच्याच भावकीतला का?’ ‘मागच्या तीन महिन्यांत शेजारून पैसे, पीठ, गोळ्या काही आणलं का?’ ‘घरी आठ दिवस कुणी आजारी पडलं तर स्वयंपाक कोण देतं?’ बायकांना वेगळं विचारायचं, बचत गटात किंवा भिशीत आहेत का आणि आजारपणाला त्यातून पैसे उचलले का.

जातीचा, धर्माचा कोपरा सोडू नका. गल्लीत एकोपा आहे म्हणजे कुणाचा कुणाशी, हे कागदावर आलं पाहिजे. हापशावर सगळे भेटतात, पण ओट्यावर कोण बसतं आणि कोण उभं राहतं ते बघून लिहा. विचारून कळत नाही.

भाषेचंही बघा. तांड्यावर म्हाताऱ्या बायांशी गोरमाटीत (बंजारा बोलीत), जुन्या शहरात दखनी उर्दूत बोलणारी मुलगी सोबत पाहिजे. सुनेला दुभाषी केलं तर सासू सुनेबद्दल बोलणार नाही, आणि सासूला केलं तर सून काहीच बोलणार नाही. आणि आशाताईला घेऊन फिरा, दार लवकर उघडतं. फक्त ‘आशाचं काम कसं आहे?’ हा प्रश्न तेव्हा नको. लॅटिनो वस्त्यांत प्रोमोतोरा म्हणून त्याच समाजातल्या बाया हेच काम करतात, शुगरचं समजावणं, दवाखान्याची वाट दाखवणं.

उत्तर — सामुदायिक_वैद्यक

गटप्रवर्तक ताईंशी पूर्ण सहमत, एक भर. एकोप्याची जी मोजपट्टी सगळे वापरतात ती शिकागोच्या ३४३ वस्त्यांतली, समाजशास्त्रज्ञ सॅम्पसन आणि सहकाऱ्यांची, १९९७ ची. तिचे दहा प्रश्न. मुळात ती गुन्हेगारी आणि हिंसा समजून घ्यायला बनली, आरोग्याकडे नंतर आली. त्यात एक प्रश्न आहे : जवळचं अग्निशमन केंद्र पैशाअभावी बंद होणार असेल तर शेजारी काही करतील का? वाळूजला हा हास्यास्पद होईल. इथे विचारायचं, ‘नळाला ठरल्या दिवशी पाणी आलं नाही तर गल्लीतून कोण कुठे जातं? मागच्या उन्हाळ्यात गेलं होतं का?’

पाण्याचा तर स्वतंत्र रकाना करा, कारण आपल्याकडे शेजार शरीरात शिरतो तो बराचसा पाण्याच्या वाटेने. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवतं. पण टंचाई नसतानाही आठवड्यातून एकदा-दोनदा येणारं पाणी घराघरात टाक्या, ड्रम, रांजणात साठतं. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी केली तर साखळी तुटते, पण पाण्याचीच खात्री नसेल तर भरलेला ड्रम ओतून टाकायला कोण तयार होईल? तेव्हा ‘कोरडा दिवस पाळता का’ याच्या सोबत ‘पाणी किती दिवसांनी येतं’ हे नसेल तर तुम्ही लोकांच्या माथी अज्ञान मारून मोकळे व्हाल. पाणी आणायला कोण जातं, किती फेऱ्या, रात्री किती वाजता उठावं लागतं, हेही घ्या. झोप आणि पाठदुखीचे धागे तिथे सापडतात.

उत्तर — भाकरी_आणि_आकडे

आहारावर मी सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळे फॉर्म फसतात.

शंभर पदार्थांची यादी फाडून टाका. महिन्याच्या किराण्यावरून सुरुवात करा. ‘तेलाचा डबा किती लिटरचा, किती दिवस पुरतो, जेवणारी तोंडं किती?’ पाच लिटरचा डबा पाच माणसांना महिनाभर पुरत असेल तर माणशी लिटरभर, म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, दिवसाला ३० ग्रॅम. मीठ तसंच : किलोचा पुडा चौघांना महिनाभर म्हणजे माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत. दहा वर्षांखालच्या मुलाला अर्धं तोंड धरा. डबा नेणारा आणि बाहेर जेवणारा वेगळा नोंदवा. चुका कुठे होतात? लोणचं घातलं, पापड-कुरडया केल्या त्या महिन्यात मीठ फुगतं. लग्नाच्या घरात तेल फुगतं. ‘मागच्या महिन्यात काही कार्य होतं का, वाळवण झालं का?’ हे आधी विचारा. सुटं तेल रोज पाव-अर्धा लिटर आणणाऱ्या घरात महिन्याचा हिशेब लागत नाही, तिथे मागच्या सात दिवसांचा घ्या.

धान्यात रेशन आणि बाजार वेगळे लिहा. रेशनवर माणशी ५ किलो गहू-तांदूळ येतो. ज्वारी मात्र बहुतेकांना विकत घ्यावी लागते, नाहीतर गावाकडून आणावी लागते. शहरात भाकरी सुटते ती ‘आवड बदलली’ म्हणून कमी आणि भाव, गॅस व थापणारीचा वेळ म्हणून जास्त. दोन्ही नोकरी करणाऱ्या घरात भाकरी रविवारी होते. हे संस्कृतीच्या खान्यात टाकायचं की वस्तीच्या, ते तुम्ही ठरवा. मी वेळेच्या खान्यात टाकीन.

चहा हा खरा शेजारधर्म. कुणाकडे गेलं आणि घेतला नाही तर राग येतो. पाच कप, कपाला दोन चमचे, चमचा ५ ग्रॅम धरला तर ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. दोन हजार कॅलरीच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादाच ५० ग्रॅम, आणि २५ च्या आत ठेवलेली बरी. म्हणून कप मोजताना ‘घरी किती’ आणि ‘दुसऱ्याकडे किती’ असे दोन आकडे घ्या. शुगर असलेल्या माणसाच्या घरचा चहा बिनसाखरेचा झालेला असतो. गडबड दुसऱ्या आकड्यात असते. एकोप्याच्या स्कोअरबरोबर हा आकडा लावून बघा. एकोपा सगळ्या बाजूंनी हिताचाच असतो हे गृहीत धरू नका.

उपवासाचे दिवस महिन्यात किती, ते दिनदर्शिका समोर ठेवून विचारा : एकादशी, चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपवासाला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, भगर. म्हणजे पोट हलकं आणि शुगर जड. (भगरीचं सुटं, जुनं, ओल लागलेलं पीठ आणू नका हेही जाता जाता सांगा. एकादशी-नवरात्रात विषबाधा होते ती त्याच्या बुरशीने.) खरा धोका गोळीचा. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेऊन माणूस दुपारपर्यंत उपाशी राहिला की शुगर कोसळते. रमजानमध्येही हाच प्रश्न, तिथे सहरी आणि इफ्तारच्या वेळा विचारायच्या. ‘उपवासाच्या दिवशी गोळी घेता का, किती वाजता, आणि डॉक्टरांना उपवासाचं सांगितलंय का?’ या तीन प्रश्नांची उत्तरं फार बोलकी निघतात. कुणी घामाघूम, थरथरत भेटलं आणि शुगर ७० च्या खाली आली तर फॉर्म बाजूला. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात देऊन १५ मिनिटांनी परत मोजा. गोळीचा डोस बदलायचा सल्ला मात्र तुम्ही द्यायचा नाही.

वस्ती_अभ्यास

सगळ्यांचे आभार. तांडा मुलाखतींपुरता ठेवते, बाकी वाळूजच्या २० गल्ल्या, मे महिन्यात. शुगरसाठी एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करावं का? उपाशी नमुना मिळणं अवघड आहे. आणि साडीवरून कंबर मोजली तर चालेल का?

उत्तर — आकडेमोड

पैसे असतील तर एचबीए१सी करा, उपाशी राहायची कटकट नाही. ६.५ टक्के किंवा वर आलं तर मधुमेह धरायचा.

उत्तर — सामुदायिक_वैद्यक

इथे मी वेगळं म्हणेन. आपल्या बायकांत रक्त कमी असणं सर्रास आहे, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटा वर जातो. सिकलसेल असेल तर आकड्यावर विसंबताच येत नाही. सोबत हिमोग्लोबिन करणार नसाल तर बोटातलं उपाशी रक्त घ्या, सकाळी सहा ते आठमध्ये, आदल्या दिवशी सांगून ठेवून. उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही, हे दोनदा सांगा. रात्रपाळीहून आलेल्याचा नमुना दुसऱ्या आठवड्यात घ्या. उपाशी १२६ किंवा वर, नाहीतर कधीही २०० किंवा वर निघाली तर संशयित म्हणून पाठवायचं. निदान प्रयोगशाळेच्या रक्तावर होतं.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या बहुधा ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवाल तर संध्याकाळपर्यंत बाद. थर्मोकोलच्या डब्यात ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं. हाताला गूळ किंवा फळाचा रस असेल तर शुगर भलतीच वर दाखवते. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

बीपीआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याचं मोजू नका, खुर्ची सोबत न्या. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर तीच दंड आवळते. बाई आडोशाला मोकळी होईल अशी सोय हवी. तीन वेळा मोजा, पहिला आकडा सोडा, बाकी दोनची सरासरी. १४० / ९० किंवा वर असेल तर पाठवा.

साडीवरून कंबर चालणार नाही. निऱ्या आणि परकराची गाठ मिळून कितीतरी सेंटिमीटरची भर पडते, आणि ती प्रत्येकीची वेगळी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कातडीवर, श्वास सोडल्यावर. मोजणारी बाईच पाहिजे, खोलीचं दार बंद. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमी ही आपल्याकडची रेषा. अमेरिकन लेखातली १०२ आणि ८८ घेऊ नका, निम्मी माणसं सुटतील.

उत्तर — गटप्रवर्तक_बीड

पाठवा म्हणता, पण कुठे ते आधी ठरवा. कामाच्या आधी जवळच्या आरोग्य मंदिरात (सरकारी उपकेंद्रात) जाऊन तपासणीचा वार आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांचा साठा विचारून घ्या. ३० च्या पुढच्यांचा सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्रश्नावली) आशाताई भरतात, त्यात ४ च्या वर गुण आले की माणसाला तपासणीला आणायचं असतं. वस्तीत तो भरून झाला असेल तर तेच प्रश्न परत विचारून लोकांना पिडू नका. परवानगी घेऊन जुळवून घ्या. मन उदास असण्याचे नऊ प्रश्न विचारणार असाल तर नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा आहे. ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडून पुढच्या दारी जायचं नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, आणि घरच्या कुणाला सांगायचं ते त्याच माणसाला विचारून, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. एथिक्स कमिटीच्या अर्जात हे लिहिलेलं नसेल तर अर्ज परत येतो.